चौथा प्लग आणि नाण्याएवढा आरसा

पहिल्यांदा मला दिसला तो त्याचा एक डोळा. नाण्याएवढ्या गोल आरशात... काळाभोर, हसरा, आणि त्यावर चढलेली भुवई.

मी तेव्हा कमरेपर्यंत गाडीच्या बॉनेटखाली होते. उजवा हात इंजिनाच्या मागे कोपरापर्यंत अडकलेला, गालाला काळं लागलेलं. आणि कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं,

"जरा मोठा आ करायला सांगा हिला... आतलं नीट दिसत नाही."

मी दचकले. डोकं खाडकन बॉनेटवर आपटलं.

"कोण तुम्ही?"

"खालच्या मजल्यावरचा. दातांचा दवाखाना." त्याच्या अंगात पांढरा कोट होता. हातात ती लांब दांडीची आरशी. "तक्रार घेऊन आलोय. माझा पेशंट पळाला."

"मग मी काय करू?"

"तुम्ही आत्ता खिडकीखाली ओरडलात ना, 'निघतोस का उपटू तुला!' तो खुर्चीत आ करून बसला होता. त्याला वाटलं आतून माझी मदतनीस येतेय."

मला हसू आवरेना. पण हसायला वेळ नव्हता. घड्याळात सव्वाचार वाजत होते आणि पाच वाजता आमची गाडी विकली जाणार होती.

त्याचं असं झालं. मी तेव्हा घरी केक करून विकायची. सकाळी पावणेसातला निघून गावभर पोचवायची. गाडी बाबांची, जुनी, आणि महिनाभर मिसिंग मारत होती. चार सिलेंडरपैकी तीनच चालायचे, चौथा मनात आलं तर. सिग्नलला उभी राहिली की थंडी भरल्यासारखी थडथडायची. गेल्या रविवारी तिच्या थडथडण्याने दुमजली केकचा वरचा मजला खालच्यावर झोपला. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

बाबांनी उभा जन्म गाड्यांच्या कारखान्यात काढला होता. आता त्यांची पाठ वाकत नव्हती, आणि बाहेरचा मेकॅनिक त्यांना चालत नव्हता. "जी गाडी घरच्या माणसाला उघडता येत नाही, ती दारात ठेवायची नाही," एवढं बोलून त्यांनी गाडीला गिऱ्हाईक बघितलं. मी रडले, भांडले. शेवटी तह झाला. सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारे चारही प्लग मी स्वतः बदलायचे. पाचच्या आत. कुणाचा हात लागता कामा नये. मग चालू इंजिनावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. थेंब सांडला तर गाडी गेली.

गाडी गेली म्हणजे माझा धंदा गेला. पुन्हा कुणाच्या तरी दुकानात गल्ल्यावर बसायचं.

इंजिन थंड व्हायलाच तीन वाजले. गरम इंजिनाचा प्लग काढायचा नाही, बाबांचा पहिला धडा. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल होत नाही, हा दुसरा. तीन प्लग मी त्या हिशेबाने बदलले होते. पण त्या गाडीच्या पोटात जागा म्हणून नव्हती. चौथा प्लग एअर फिल्टरच्या डब्यामागे, एका जाड नळीच्या खाली दडला होता. हात पोचायचा, डोळा पोचायचा नाही.

"मी बघू का?" म्हणत डॉक्टरने बाही वर केली.

"ए दातवाले!" पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. बाबा खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसले होते. "हात लावायचा नाही!"

डॉक्टरने दोन्ही हात वर केले, जणू कुणी बंदूक रोखली होती.

"आरसा धरला तर चालेल का, काका?"

बाबांनी विचार केला. "आरसा धर. पाना धरलास तर सौदा मोडला."

"बरं." त्याने उजव्या हाताने आरसा आत सरकवला आणि डावा हात पाठीमागे बांधून घेतला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. "आता बघा."

मी पाहिलं. आणि... दिसला! नळीच्या खाली, धुळीच्या खड्ड्यात, पांढऱ्या मानेचा तो चौथा.

"लगेच काढू नका," तो म्हणाला. "आधी फुंकर. नाहीतर धूळ आत पडेल." कोटाच्या खिशातून त्याने हवा मारायचा रबरी फुगा काढून मला दिला. "दात कोरला की मी हेच करतो."

मी फुगा दाबला. धूळ उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. तो शिंकला, पण आरसा तसूभर हलला नाही. मला ते फार आवडलं. केकवर नक्षी काढताना माझाही हात असाच थांबतो.

पाना बसवला. फिरवला. काही होईना.

"उलटं फिरवताय," तो हळूच म्हणाला. "आरशात डावं ते उजवं असतं."

"तुम्ही दिवसभर असं उलटंच बघता?"

"दिवसभर. म्हणून सरळ माणूस समोर आलं की जरा गोंधळतो."

"मी सरळ दिसते तुम्हाला?"

"अर्धी तर बॉनेटखाली आहात... कसं सांगू?"

मी आरशात पाहिलं. प्लगच्या जागी पुन्हा तो डोळा होता.

"आरसा हलला," मी म्हणाले.

"हलला नाही," तो म्हणाला. "हलवला."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बरं झालं, काळं लागलं होतं.

प्लग निघाला. बाकीचे तिन्ही तपकिरी, कोरडे होते. हा काळाकुट्ट, पेट्रोलने ओला.

"किडलाय," डॉक्टर म्हणाला.

"माझ्या केकमुळे?"

"तुमच्या केकचं नाव काढू नका. माझे निम्मे पेशंट तुम्हीच धाडता."

"मग आभार माना!"

"मानतोय की. अर्धा तास एका हाताने."

चार चाळीस. नवा प्लग आत घातला. पहिले आटे हातानेच बसवायचे असतात. पण बोटं तिथे वळेनात. प्लग तिरका व्हायचा, अडायचा. तिसऱ्यांदा अडला तेव्हा मी पाना उचलला. जोर लावला की बसेल, कसा बसत नाही!

"नको..." डॉक्टरचा आवाज एकदम बदलला. "जोर नको. तिरका गेला तर आटे कायमचे जातील. मी रोज बघतो असले दात... घाईने बिघडवलेले."

"मग काय करू? वीस मिनिटं राहिलीत!" बोटांची साल निघाली होती, रक्त येत होतं. त्याने ते पाहिलं. पाठीमागचा हात पुढे आला... आणि अर्ध्यावर थांबला. पुन्हा मागे गेला.

तेवढ्यात धप्पकन काहीतरी पडलं. बॉनेटच्या कडेवर, टुणकन उडून माझ्या पायाशी. बोटभर लांबीचा रबरी नळीचा तुकडा. बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तो कायम असायचा. मी दोनदा कचरा समजून फेकायला निघाले होते.

वर पाहिलं. बाबा भलतीकडेच बघत होते.

"खिडकीतून पडला," ते म्हणाले.

मी नळीत प्लगची मान घुसवली. नळी वाकते, बोटांना जागा मिळते. आणि प्लग तिरका गेला तर नळीच नुसती फिरते, आट्यांना धक्का लागत नाही. मी श्वास रोखून नळी फिरवली. एक फेरा... दोन... आणि तो आपला गपगुमान आत जायला लागला! बोटांना कळत होतं. मऊ, सरळ, न अडता.

"गेला!" मी ओरडले.

"गेला!" डॉक्टर ओरडला.

"कोण गेला?" खिडकीतून बाबा ओरडले.

शेवटचा अर्धा फेरा पान्याने दिला. वायरची टोपी बसवली. फाटकातून टोपीवाले गृहस्थ येतच होते, गाडी घ्यायला. पाचला सहा मिनिटं कमी.

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली... आणि थडथडायला लागली. तशीच. पहिल्यासारखी.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. टोपीवाले गृहस्थ लांबूनच मान हलवत होते. बाबा खिडकीतून दिसेनासे झाले होते. जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती, सावकाश.

डॉक्टर काचेपाशी आला. डोळे मिटून ऐकत होता.

"तीनच बोलतायत," तो म्हणाला. "चौथा गप्प आहे. पण प्लग तर नवा... टोपी नीट बसली का?"

टोपी! मी ती अलगद ठेवली होती, साखरेचं फूल ठेवतात तशी. गाडी बंद केली. धावले. हात त्या फटीत घातला, डोळे मिटले आणि टोपीवर अंगठा दाबला. जोराने.

टक.

एवढासा आवाज. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आरशाशिवाय.

पुन्हा किल्ली. आणि गाडी... मी कशी सांगू! ती नुसती गुणगुणली.

बाबा खाली आले होते. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. जिना उतरून आले, पण थेंब सांडला नव्हता. त्यांनी तो फिल्टरच्या डब्यावर ठेवला. चौघे त्याच्याकडे बघत राहिलो. पाण्याला बारीक बारीक कंप सुटला, काठापर्यंत आला... आणि काठावरच राहिला.

"उत्तम चालते की हो," टोपीवाले म्हणाले. "घेतली मी."

"विकायची नाही," बाबा म्हणाले. "मुलीची आहे." आणि त्यांना चहाला वर घेऊन गेले. जाता जाता डॉक्टरकडे वळले. "दातवाले, नियम गाडीपुरता होता."

अंगणात आम्ही दोघं उरलो. गाडी आपली गुणगुणत होती.

त्याने माझा हात हातात घेतला. खिशातला कापूस काढून साल निघालेली बोटं पुसायला लागला. मी हात काढून घेतला नाही.

"एक कबूल करायचंय," तो बोटांकडेच बघत म्हणाला. "गाडी मिसिंग मारते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दवाखाना उघडून तीन आठवडे झाले, राहतोही त्याच्याच मागच्या खोलीत. रोज पावणेसातला तुमची गाडी थडथडली की मी खिडकीशी येतो. मांडीवर डबा घेऊन तुम्ही आरसा नीट करता... केस मागे सारता... आणि जाता."

"मग सांगितलं का नाही? माझा केक पडला!"

"सांगितलं असतं तर नीट केली असती." त्याने मान वर केली. दोन्ही डोळे, इतक्या जवळून पहिल्यांदाच. "आणि आता तर आवाजच येत नाही हिचा. आता तुम्ही कधी निघता ते मला कळायचं कसं?"

मी गाडीकडे बघितलं.

"हॉर्न आहे की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी गाडी सुरू केली. कुणाला चाहूल लागली नसती. मी हॉर्न दोनदा वाजवला.

खालची खिडकी उघडली. वरचीही उघडली.

"एकदा वाजवला तरी ऐकू येतं त्याला!" बाबा वरून ओरडले.

तो धावत आला, कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबकळणारी. दार उघडून शेजारी बसला. दवाखाना नऊला उघडतो, म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. मग माझ्या मांडीवरचा केकचा डबा त्याने आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.