सहाशे हापसे

पहिल्या मिनिटात शाल्मलीने दांडा पंचावन्न वेळा हापसला. सहाव्या मिनिटात फक्त सहा वेळा. दांडा तोच, हात तेच. मग मध्येच काय बिघडलं?

विचार करायला वेळ नव्हता. मंगळावरच्या 'तोरण' ठाण्याच्या बाहेर, जाड दरवाजापलीकडे तिची आत्या, डॉक्टर सुमेधा, उभी होती. दरवाजाआड एक छोटी हवाबंद कोठडी होती, मग ठाणं. धुळीने दरवाजाची मोटर बंद पडली होती. ठाण्यातली बाकीची मोठी माणसं बर्फाच्या खाणीवर गेली होती, गाडीने तासभर दूर. आत शाल्मली आणि तिची मैत्रीण नाझिया, दोघी बारा वर्षांच्या. दरवाजा हाताने उघडायचा तर आतला जड दांडा सहाशे वेळा हापसायला हवा होता. आत्याच्या पोशाखात हवा होती चोवीस मिनिटांची, आणि त्यातली सहा संपली होती.

शाल्मलीला कुठलीही गोष्ट हळू करताच येत नसे. जेवतानासुद्धा तिचा पाय हलत असायचा. तिने जीव तोडून हापसलं, दमून कोसळली. मग नाझियाने तसंच केलं, आणि आलटून पालटून असंच चाललं. आता दोघींचे दंड पेटल्यासारखे जळत होते.

"एकशे ब्याण्णव झाले," नाझिया धापा टाकत म्हणाली. "मला नाही जमत आता."

"सरक, मी करते!" शाल्मली उठली आणि तिचे हात दांड्यावरून निसटले. तिला रडू फुटलं.

"शाल्मे," रेडिओवर आत्याचा आवाज आला, अगदी संथ. "मी खाली बसलेय. जास्त बोलणार नाही, हवा जपायचीय. एक मिनिट दोघी थांबा."

"थांबू? आत्या, वेळ जातोय!"

"थांबा. आणि ऐका. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट असतं (तातडीच्या ताकदीचा छोटा साठा). सगळा जोर लावला की दहाएक सेकंदांत ते संपत येतं. मग स्नायू घाईघाईने साखर फोडतो. त्यात आम्लता वाढते आणि हात जळतात. पण विश्रांती मिळाली, की अर्ध्या मिनिटात जवळजवळ अर्धा साठा परत भरतो."

नाझियाने डोळे पुसले. "म्हणजे दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधीच थांबायचं?"

"शाब्बास. छोट्या पाळ्या करा. आकडे तुम्ही ठरवा."

शाल्मली भिंतीवर बोटाने हिशेब करू लागली. चारशे आठ उरले होते. "बारा-बारा?"

"माझ्याने बारा नाही होणार," नाझिया म्हणाली. "दहा होतील."

शाल्मलीने पुन्हा हिशेब केला. "मग मी चौदा. मिळून चोवीस. सतरा फेऱ्या."

सुरुवात झाली. चौदा हापसून शाल्मलीने दांडा सोडला. हातात अजून जोर होता, आणि तेच तिला सहन होईना. नाझिया दहा मोजत होती आणि शाल्मली जागच्या जागी पाय आपटत होती. तिसऱ्या फेरीत तिने चौदाचे वीस केले.

"सोड!" नाझिया ओरडली. "माझी पाळी आहे! तू दमलीस तर मी एकटी काय करू?"

शाल्मलीने दांडा सोडला. या खेपेला तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि श्वास मोजायला लागली. एक, दोन, तीन... नाझियाचे दहा संपले की ती उठे. आठवी फेरी. अकरावी. हात दुखत होते, पण दांडा मात्र प्रत्येक वेळी पहिल्यासारखाच खाली जात होता.

आत्या केव्हाची बोलली नव्हती. विचारावं असं शाल्मलीला दर मिनिटाला वाटे. पण उत्तर द्यायला आत्याची हवा खर्च झाली असती, म्हणून ती विचारत नसे.

सतरावी फेरी पूर्ण व्हायच्या आधीच दरवाजा कुरकुरत उघडला. आत्या कोठडीत शिरली, दरवाजा स्प्रिंगने मागे मिटला आणि कोठडीत हवा भरल्याची फुसफुस आली. कोठडीचा आतला काचेचा दरवाजा सरकला आणि आत्या रांगतच ठाण्यात आली. शिरस्त्राण काढून तिने दोघींना कवेत घेतलं.

बऱ्याच वेळाने नाझियाने विचारलं, "आत्या, हृदय तर कधीच थांबत नाही. ते कसं दमत नाही?"

"कोण म्हणतं थांबत नाही?" आत्याने शाल्मलीचा हात तिच्याच छातीवर ठेवला. "ऐक नीट. धडधड, मग जरासा थांबा. प्रत्येक ठोक्यानंतर ते सैल पडतं, आणि म्हणूनच ऐंशी-ऐंशी वर्षं चालतं."

शाल्मली ऐकत राहिली. धडधड, थांबा. धडधड, थांबा.

"तेवढ्या वर्षांत," ती हळूच म्हणाली, "माणूस किती लांब जाऊ शकेल ना, आत्या?"