यीस्ट घालायच्या आधी

माझ्या उडदाच्या पापडांवर बिअर सांडली, तेव्हा मी कृष्णातला पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या गच्चीवर ठो करून काहीतरी फुटलं, पाठोपाठ आणखी एक… आणि मधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून फेसाचा फवारा थेट माझ्या वाळवणावर. पलीकडं एक उंच माणूस फेसानं निथळत उभा होता. शेजारच्या घरात नवा भाडेकरू आलाय एवढंच ऐकून होते.

"लागलं का कुठं?" त्यानं विचारलं.

"पापडांना लागलं. काय आहे हे?"

"बिअर हाय," तो खाली बघत म्हणाला. "घरात केलेली. पहिलीच."

आता बघा, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जैनांचं घर. दिवस मावळल्यावर आमच्यात कुणी जेवत नाही, पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पितो, आणि ह्या पावण्याची बिअर आमच्या पापडांवर. मी जे तोंड सोडलं ते सोडलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पापड मी लाटून देतो. शिकवा तेवढं."

मला हसू आलं. तिथंच सगळा घोळ झाला.

बाटल्या का फुटल्या ते नंतर कळलं. फेस यावा म्हणून बाटली बंद करताना चिमूटभर साखर घालायची असते. कृष्णातच्या घरचं गुऱ्हाळ, त्यामुळं त्यानं घातला गूळ, तोही पाण्याबरोबर पाहुण्याला देतात तसा घसघशीत खडा. "चिमूटभर घालायला मन धजंना," तो म्हणाला. आमच्या कोल्हापूरकरांचं हे असंच.

आठवड्यानं तो आमच्या मसाल्याच्या दुकानात आला. आप्पा, म्हणजे माझे वडील, नेमके बाहेर गेले होते.

"धणे पायजेत," तो हळू आवाजात म्हणाला. "बिअरमध्ये घालायला. संत्र्याची साल आणि धणे."

"बिअरमध्ये धणे? आमटी करताय का?"

"तुमीच निवडून द्या की. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करून नाक बसलंय माझं. वासाचं काय कळत न्हाय."

मी धणे हातावर चोळून वास घेऊन दिले. मग भिंतीवरून बरणी यायला लागली. नवं काही केलं की तो झाकण उघडून समोर धरायचा, मी डोळे मिटून वास घ्यायची. "सालीचा पांढरा भाग काढला नाहीत. कडवट वास येतोय." तो नुसता माझ्याकडं बघत राहायचा. "बरणीकडं बघा," मी म्हणायची, आणि माझेच कान गरम व्हायचे.

लहानपणी मुनी महाराजांसमोर मी नियम घेतला होता, मद्य कधी तोंडाला लावणार नाही. नाकानं नियम घेतला नव्हता, अशी स्वतःची समजूत घालत होते… पण मला ठाऊक होतं, मी बरणीसाठी गच्चीवर जात नव्हते. आणि एक गोष्ट मनात घर करून बसली होती. जिथं नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी दोन चपात्या वाढतात, त्या आमच्या गावात हा माणूस मला एकदाही "घोटभर घ्या की" म्हणाला नाही.

अशात सांगलीचं स्थळ आलं. आपल्यातलंच, शिकलेलं, नाव ठेवायला जागा नाही. आप्पा म्हणाले, "प्राची, शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येईल. तोवर ठरव."

मी कृष्णातला भिंतीपाशी सांगितलं. त्यानं हातातली बरणी खाली ठेवली.

"मी ह्ये सगळं सोडलं तर?"

"नको. माझ्यासाठी सोडलेलं पुढं कधीतरी मलाच ऐकवाल."

"मग अडतंय कुठं?"

"तुम्हाला जे सगळ्यात आवडतं, त्याची चव मला जन्मात कळणार नाही. असा संसार होतो का हो?"

मी खाली आले आणि पोट दुखतंय सांगून झोपून राहिले.

शनिवारी दुपारीच पलीकडून धण्यांचा, संत्र्याचा वास यायला लागला. हा ह्या वेळी घरी कसा? ऊन कलायला लागलं तशी मी गच्चीवर गेले. तो घामानं चिंब, हातात स्टीलचा पेला.

"घ्या," तो म्हणाला. आजवर कधी न म्हणालेला शब्द.

मी मागं सरकले.

"बिअर न्हाय ती. अजून यीस्ट घातलेलं न्हाय. यीस्ट घातल्यावरच तिची दारू हुती. आत्ता नुसतं जवाचं गोड पाणी हाय, तुमच्या धण्यांचं. पाणी गाळून घेतलंय… आणि दिस मावळायच्या आत व्हावं म्हणून रजा टाकली."

मी पेला तोंडाला लावला. गोड, कोमट, मागाहून थोडं कडू. चांगलं होतं असंही नाही, पण डोळे भरून आले.

"दर वेळी तुमचा पेला आधी काढून ठेवीन," तो म्हणाला. "पुढचं माझं. चालंल?"

माझ्या नेमाधर्माच्या वाटेवर हा माणूस इतका लांब चालत आला होता, आणि मी अजून हिशेब मांडत बसले होते. मला तो हवा होता. इतकं सोपं होतं ते.

तेवढ्यात अंगणातून आप्पांची हाक आली. "प्राची, सांगलीकरांचा फोन आलाय. काय सांगू?"

मी कठड्यावरून वाकले. "नको म्हणून सांगा, आप्पा. मला कृष्णात आवडतो. शेजारचा."

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आप्पा वर बघत राहिले. मग फोन कानाला लावून हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, "खाली ये. बोलायचंय."

आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. पेला रिकामा करून मी वळले, तर कृष्णात भिंत ओलांडून माझ्या मागं निघालेला.

"तू थांब," मी म्हटलं. पहिल्यांदाच तू म्हटलं. "आधी अंघोळ कर, धुतलेला शर्ट घाल. मग पुढच्या दारानं ये."