तीनशे दोन घोड्यांची गाडी

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूच नका. पण एका बाईनं गाडीला बोटही न लावता तिच्या पोटातले सत्तावीस घोडे हाकलून दिले होते, आणि ते परत कुणालाच दिसले नाहीत.

ही जी बॉनेटखाली डोकं घालून उभी आहे ना, या गॅरेजची मालकीण, तिच्याच वडिलांची गोष्ट. मध्येच काही बोलली तर लक्ष देऊ नका. तुमची गाडी होईपर्यंत ऐका.

तेव्हा ती विशीत होती. हाताचं ग्रीस न पुसताच टाचणीच्या खोलीत शिरली.

टाचणी म्हणजे खाजगी तपास करणारी बाई. टोचून विचारायची, म्हणून हे नाव. तिच्या मदतीला तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाऊजी. मदतीला म्हणजे मुख्यतः चहाला.

"बाबा आता मागच्या दारानं ये-जा करतात," मुलगी म्हणाली. "दुकानाची पाटीसुद्धा स्वतःच्या हातानं उतरवली."

"कशामुळे?"

"एकानं गाडी दिली होती, ताकद वाढवून द्या म्हणून. कामाआधी डायनोवर मोजली."

"कशावर?" भाऊजी.

"जमिनीत रोलर असतात. गाडी वर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांना किती हॉर्सपॉवर पोचते ते स्क्रीनवर येतं. तीनशे दोन आले. बाबांनी सायलेन्सरपासून इंजिनपर्यंत सगळं जीव ओतून केलं. परत मोजली, तर दोनशे शहाण्णव."

"म्हणजे कमी झाली!"

"सगळे असंच म्हणाले. गाडीच्या मालकानं दोन्ही आकडे चारचौघांत फिरवले. बाबा भांडलेसुद्धा नाहीत. म्हणतात, माझ्या हाताला आता कळेनासं झालंय." तिचा आवाज बारीक झाला. "तेच खरं असेल, तर तेही सांगा."

"दुसऱ्या मोजणीला कोण कोण होतं?"

"बाबा, डायनोवाले आणि बाबांचा जुना भागीदार. बोलावलं नसताना आला होता."

"सापडला चोर," म्हणत भाऊजी चप्पल शोधू लागले.

भागीदाराचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"हसायला गेलो होतो, कबूल आहे. पहिल्या मोजणीला मी इथे नव्हतो, म्हटलं दुसरी तरी बघू. पण गाडीचा आवाज ऐकला आणि हसू विरलं. फार सुरेख काम होतं."

"मग तसं बोलला का नाहीत?"

तो हातातला पाना उगाचच पुसत राहिला. "आकडा खाली आला होता ना, बाई. आकड्यापुढे काय बोलणार?"

डायनोवाल्याची खोली बर्फासारखी गार होती. तो मफलरमधूनच बोलला, "यंत्रात दोष नाही. दोन्ही दिवशी अशीच थंडी होती, अशीच मोजणी झाली."

"खुंटीला ही वायरवाली कांडी कसली?"

"हवेचं तापमान बघते. हवा गरम असली की इंजिनाला दम कमी मिळतो. यंत्र तेवढी भरपाई आकड्यात घालतं, म्हणजे उन्हाळ्यातली मोजणी आणि हिवाळ्यातली मोजणी सारखी धरता येते. कांडी कायम इथेच असते."

"यंत्रालाही दया येते म्हणायची!" भाऊजी म्हणाले.

"टोक काळवंडलंय," टाचणी म्हणाली.

"जुनी झाली."

"पट्टे कोण बांधतं?"

"मीच, जमिनीवर लोळून. बॉनेट मात्र त्या मालकाचं तोच बघतो. मोजताना दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नाही. पहिल्या दिवशी तर अर्धवट टेकवूनच ठेवलं होतं, तरी मला लावू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नव्हता. या मुलीचे वडीलच गाडी घेऊन आले होते."

शेवटी गाडीचा मालक. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर भलामोठा फोटो लावलेला. कानटोपी घातलेला मालक गाडीला टेकून उभा, तोंडासमोर वाफ. मागे स्क्रीनवर तीनशे दोन, तिच्या शेजारी भिंतीवर रिकामी खुंटी. काचेपलीकडे मित्रांचे अंगठे.

"टोपी झकास आहे," भाऊजी म्हणाले.

"कधी काढलाय?" टाचणीनं विचारलं.

"आकडा स्क्रीनवर आला त्याच क्षणी! मित्र म्हणायचे, गाडी नुसती दिसायला. मी पहिल्यापासून सांगत होतो, तीनशेच्या वर आहे. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं बंद झाली."

"आणि त्यानंतर मेकॅनिकचं दुकान."

टाचणीनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डायनोवर बोलावलं.

मेकॅनिक मागच्या दारानं आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक खुर्ची पुसून मालकासाठी पुढे ठेवली. मालक आपली गाडी देईना, म्हणून मुलीची जुनी, खडखडणारी गाडी रोलरवर चढवली.

सत्तर हॉर्सपॉवर.

टाचणीनं खुंटीवरची कांडी काढून भाऊजींकडे दिली. "तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवा. वायरवर बॉनेट हळूच टेकवा."

गाडी परत पळवली. सत्याहत्तर.

"अरेच्चा! तापली की ताकद वाढते?"

"गाडीची नाही, भाऊजी. आकड्याची. यंत्राला वाटलं, खोलीत भट्टी पेटलीय. त्यानं दया केली."

मेकॅनिकनं पहिल्यांदाच मान वर केली.

"सगळे दुसऱ्या मोजणीत खोट शोधत होते," टाचणी म्हणाली. "ती मोजणी खरी होती. खोटी होती पहिली. फोटोत तोंडाची वाफ दिसतेय, म्हणजे थंडी. खुंटी रिकामी, म्हणजे कांडी दुसरीकडे. टोक काळवंडलंय, म्हणजे इंजिनाजवळ. बॉनेट अर्धवट, म्हणजे खालून वायर गेलेली. भागीदार त्या दिवशी इथे नव्हता, डायनोवाला पट्ट्यांखाली लोळत होता, आणि त्या बॉनेटला हात लावणारा माणूस एकच. मेकॅनिकशी त्याचं वैर नव्हतं. मित्रांना तीनशे सांगून बसला होता, एवढंच. पुढे खरं काम झालं, खरा आकडा आला, आणि त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या: स्वतःचं खोटं सांगायचं, नाहीतर दुसऱ्याचा हात वाईट ठरवायचा."

"मग खरी किती होती?" भागीदारानं विचारलं.

डायनोवाल्यानं हिशेब उलटा केला. "पावणेतीनशे." मग मफलरमध्ये तोंड लपवलं. "तापमान स्क्रीनच्या कोपऱ्यात येतं. मी बघितलंच नाही. मोठा आकडा आला की कोण बघतं?"

म्हणजे मेकॅनिकनं एकवीस घोडे खरोखर घातले होते. त्यानं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटेपालटे केले, जणू कुणी उसने नेलेले परत आणून दिले होते.

भागीदार त्याच्याजवळ गेला. "मला आवाजावरूनच कळलं होतं," म्हणाला.

आणि मालक? खुर्चीवरून उठला. चेहरा विटेसारखा लाल. मित्रांच्या देखत मेकॅनिकसमोर आला आणि काय सांगू तुम्हाला, खाली वाकून त्यानं चक्क पाय धरले! "माझं चुकलं," म्हणाला, "तुमचा हात सोन्याचा आहे." दुकानाची पाटीसुद्धा त्यानंच खांद्यावरून...

"काका."

बॉनेटखालून ती बाहेर आली. हातात पाना तसाच.

"मागच्या वेळी तो नुसते हात जोडत होता. त्याच्या आधी मान खाली घालून उभा होता. दर खेपेला तुम्ही त्याला आणखी वाकवता." तिनं तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खुर्ची बाबांनी पुसली होती, ते खरं आहे. अंधार पडेपर्यंत त्यांनी ती हलवू दिली नाही, तेही सांगा. तो आलाच नव्हता, काका."