दातांनी तोडलेला दोरा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडली आहे, आणि तिच्या तोंडून मी आयुष्यात खोटं ऐकलेलं नाही. दिवस शुक्रवारचा. वेळ दुपारची, सव्वाचार. जागा कोटांच्या कारखान्याचा तिसरा मजला.

तिथे धाकटी बटणं लावायची. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगवलेला नंबर. धाकटीचा तेरा.

शेजारी चौदा.

चौदा नंबरच्या बाईंना सगळा मजला 'दातवाली' म्हणायचा. त्या दोरा कात्रीने कापत नसत. कोट तोंडाशी न्यायचा, आणि...

टक्.

"कात्री काय शोभेला दिलीय का, बाई?" सुपरवायझर विचारायचा.

"ती उचला, ती ठेवा. तेवढ्यात माझं दुसरं बटण लागतं."

तोंडात कायम लवंग. धाकटीचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा या बाईंनी महिनाभर धाकटीच्या वाटणीचेही कोट उरकले. कुठे ब्र काढला नाही. अकरा वर्षं धाकटी त्यांच्या डब्यातलं खात होती.

एका मंगळवारी त्या आल्या नाहीत. दुपारी कळलं, झोपेतच गेल्या.

बायका हळहळल्या. चहा येईपर्यंत.

बुधवारी सकाळी चौदा नंबरवर नवीन बाई बसली होती. बाराव्या नंबरवालीने खुर्चीवरची उशी आधीच उचलली होती. त्यांचा चष्मा इस्त्रीवाल्याने घेतला. "नंबर अगदी माझाच," म्हणाला, आणि काच स्वतःच्या शर्टाला पुसली. चहाच्या कपात कुणीतरी मोडक्या सुया टाकल्या. तळाशी सोमवारचा चहा तसाच होता, साय धरलेला.

डबा तेवढा कुणी घेतला नाही. त्यात अर्धं जेवण उरलं होतं. वास यायला लागला, तशी झाडूवालीने तो पायाने टेबलाखाली सारला.

आणि धाकटीने?

धाकटीने कात्री घेतली. न वापरलेली, कोरी करकरीत. मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. "कुणीतरी नेलीच असती, ताई," ती मला म्हणाली.

पंधरा दिवसांत त्या बाईंचा विषय निघेनासा झाला.

मग तो शुक्रवार उजाडला.

चार वाजता एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. धाप लागली होती. त्या बाईंचे यजमान. त्यांनी बायकोचं नाव सांगितलं.

कुणीच मान वर केली नाही.

"कोण म्हणालात?" सुपरवायझरने विचारलं.

त्यांनी पुन्हा नाव सांगितलं. मग खिशातून तिचं कार्ड काढून वाचलं. "नंबर चौदा."

"हां, दातवाली होय!" कुणीतरी म्हणालं. दोघी-तिघी फिस्सकन हसल्या.

म्हातारे हसले नाहीत. म्हणाले, "घरी मी एकटाच असतो. तिच्याबद्दल बोलायला कुणी नाही. तुम्ही इतकी वर्षं बरोबर होतात... कुणीतरी काहीतरी सांगा. काहीही चालेल."

बायका सुया चालवत राहिल्या. त्या शांततेची मला आजही किळस येते, मी तिथे नव्हते तरी.

"ती कात्री नेहमी जपून ठेवायची," ते पुन्हा म्हणाले. "हात दुखू नये म्हणून मीच चिंधी बांधून दिली होती."

कात्री धाकटीच्या मांडीवर होती.

तिला त्या तापाची गोष्ट सांगायची होती. ओठांपर्यंत आली होती. पण बोलली असती, तर ते जवळ आले असते. कात्री दिसली असती.

तिने हातातला कोट मांडीवर ओढला... आणि पुढचं बटण उचललं.

शेवटी त्यांनी टेबलाखालचा डबा स्वतःच वाकून घेतला. झाकण उघडलं. आत हिरवी लव वाढली होती. त्यांनी झाकण लावलं, कुणाकडेही न बघता जिना उतरले.

घड्याळात सव्वाचार.

धाकटीने बटण पुरं केलं. दोरा कापायला कात्री उचलली.

टक्.

अगदी कानाशी.

दोरा तुटलेला होता. टोक बोटाला लागलं...

ओलं.

कोमट. चिकट. लवंगेचा वास, आणि त्याखाली त्या डब्याचा.

तिने पुढचा कोट घेतला. कात्री जवळ नेली.

टक्.

त्या दिवशी सुटी होईपर्यंत एकाही दोऱ्यापर्यंत कात्री पोहोचली नाही. प्रत्येक टोकाला थुंकी. चौदा नंबरवरच्या नवीन बाईने एक कोट उचलून बघितला आणि नाक मुरडलं.

"शी. तुम्ही दातांनी तोडता, ताई?"

शनिवारी धाकटीने कात्री चौदा नंबरच्या खुर्चीखाली ठेवून दिली. सोमवारी ती पुन्हा तिच्याच मांडीवर होती. ती यजमानांना परत करायची, तर पत्ता हवा. पत्ता विचारायला कचेरीत गेली, तेव्हा कारकुनाने विचारलं, "नाव?"

धाकटीला नाव आठवेना.

तीन दिवसांपूर्वी दोनदा ऐकलेलं. मजल्यावर एकीलाही आठवेना. कचेरीतल्या चौदा नंबरच्या कार्डावर नवीन बाईचं नाव चढलं होतं.

पुढे आठ वर्षं धाकटी तिथे होती. जुन्या गेल्या, नव्या आल्या. त्या नव्या पोरी धाकटीला एकाच नावाने ओळखायच्या.

दातवाली.

तिने कधी दुरुस्त केलं नाही.

मी त्या बाईंना चांगली ओळखत होते. चारदा आमच्या घरी आल्या होत्या. त्यांची हिरवी शाल, हसताना तोंडावर हात धरायची सवय, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. मला चाळीस वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांच्या मांजरांची नावं आठवतात. म्हणून हे लिहायला बसताना वाटलं होतं, नाव मी सांगेन. निदान एका कागदावर तरी ते राहील.

कालपासून आठवून बघते आहे, येत नाही.

आज दुपारी माझ्या स्वेटरचं लोंबणारं बटण लावावं म्हणून सुई-दोरा घेतला. बटण आधीच घट्ट बसवलेलं होतं. घरात मी एकटी आहे.

दोऱ्याचं टोक मी अजून चाचपलेलं नाही...