शून्य मिलिमीटरची विहीर

साहेबांनी मृणाली, भाविक आणि स्नेहाला एकेक नारळ दिला. "शाब्बास, असे नागरिक हवेत," म्हणाले, आणि प्रकरण मिटलं. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. गोष्ट सुरू झाली तेव्हा त्या तिघांनाही हे ठाऊक नव्हतं.

२००८ ची मेची सुट्टी होती. शेलार गावापुढच्या पाड्यावरच्या विहिरीत एक डंपर रोज राडारोडा ओतत होता.

"अख्ख्या पाड्याला तेवढीच विहीर हाय," स्नेहा म्हणाली. ती पाड्यावरची, मृणालीच्या वर्गातली. "अर्धी बुजली. कचेरीत गेलो, तर साहेब म्हनला, नकाशात विहीरच न्हाय. असेल तर फोटो आना, गाडीच्या नंबरासकट."

"कॅमेरा आहे," मृणाली म्हणाली.

"आहे म्हणजे, आहे," तिचा धाकटा भाऊ भाविक म्हणाला.

कॅमेरा प्रितमकाकाचा. काका हळदी-लग्नांचे फोटो काढायचा. त्याच्या नव्याकोऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स एका हळदीत पडली. म्हणजे खरोखरच, हळदीच्या परातीत. मग त्याने जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याची लेन्स काढली. ती बसेना, म्हणून यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्याकडून मधे घालायची रिंग बनवून घेतली. रिंग नखाएवढी जास्त जाड झाली.

"त्यामुळे पंधरा फुटांपलीकडचं जग या कॅमेऱ्याला दिसत नाही," काकाने सांगितलं. "आणि फोकस हाताने करायचा. आपोआप काही होणार नाही."

पहिला फोटो त्यांनी बांधाआडून काढला.

"हा डंपर आहे?" भाविकने विचारलं.

"मग काय?"

"मला वाटलं, म्हैस."

जवळ जावं तर ड्रायव्हर हाकलणार. स्नेहाने विहिरीकडे बोट दाखवलं.

"आज्यानं खनली तेव्हा बारा फूट रुंद धरली होती," ती म्हणाली. "डंपर त्या काठाला मागं येतो. आपुन या काठाला."

भाविकला पलीकडच्या काठावर उभं केलं. त्याचं नाक स्पष्ट दिसेपर्यंत मृणालीने लेन्स फिरवली आणि तिला चिकटपट्टी लावून टाकली.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ?"

"घे. सोडू नकोस."

डंपर आला. ड्रायव्हर खाली उतरला. "ए, क्या चल रहा है?"

"चाचा, स्कूल का प्रोजेक्ट है," भाविक म्हणाला. "हमारे मेहनती वाहन."

ड्रायव्हर विरघळला. त्याने गमछ्याने नंबरप्लेट घासूनपुसून लख्ख केली. "नंबर साफ आना चाहिए, हां." मग वर चढून त्याने निवांतपणे विहिरीत माल ओतला.

फोटोत सगळं आलं: नंबर, कोसळता राडारोडा, खालचं पाणी आणि काठावर स्नेहाच्या आजीची, बायडीची, कळशी.

दुसऱ्या दिवशी काका तिघांना घेऊन कचेरीत गेला. तिथे नारळ मिळाले, ते तुम्ही वाचलेलं नाही. मग साहेबांनी फोटो संगणकावर उघडला आणि नंबर वाचला.

"अरे, ही तर गोदामवाल्या शेठची गाडी," ते हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटोसोबत कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती उघडली. "लेन्स: शून्य मिलिमीटर. म्हणजे काय?"

"जुनी लेन्स आहे साहेब," काका म्हणाला. "कॅमेऱ्याला तिची ओळख पटत नाही."

"कॅमेऱ्याला पटत नाही, मग सरकारला कशी पटेल? नोंदीनुसार लेन्स नव्हती. लेन्सशिवाय फोटो निघत नाही. सबब हा निघालेला नाही. रीतसर लेन्स लावून पुन्हा काढा."

नारळ मात्र त्यांनी परत मागितले नाहीत.

ते पाड्यावर पोचले तेव्हा विहिरीच्या जागी सपाट जमीन होती आणि तिच्यावर बऱ्याच डंपरांच्या चाकांचे ताजे माग. बायडी आजी दोराची वेटोळी मांडीवर घेऊन बसली होती.

"ह्यो दोर आता कुठं सोडू, पोरी?" तिने विचारलं.

स्नेहाने तिन्ही नारळ फोडले. त्या दुपारी पाड्यावर प्यायला तेवढंच पाणी होतं.

मग तिने वहीतलं पान फाडलं आणि मृणालीकडून शुद्धलेखन तपासून घेत अर्ज लिहिला:

"विषय: विहीर तात्पुरती उघडून मिळणेबाबत.

महोदय, आपल्या सूचनेनुसार रीतसर लेन्स लावून पुन्हा फोटो काढावयाचा आहे. तरी सदर विहीर एक दिवसासाठी पाण्यासह पूर्ववत करून मिळावी, ही नम्र विनंती. काम झाल्यावर विहीर परत केली जाणार नाही."