बाबा मागे

दर रविवारी जेवण झालं की मी गाडी पुसायला घेतो. गाडी माझी नाही, माझ्या मुलाची, सौरभची. लांबच्या प्रवासाची अवजड मोटरसायकल, सव्वादोनशे किलोची. जोगेश्वरीला आमची तळमजल्यावरची खोली, मागे पत्रा टाकून बंद केलेली पडवी. त्या पडवीत ती उभी असते. माझी बायको, प्रेमा, जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी आणि गाडी.

मी चौथीपर्यंत शिकलो. आधी गिरणीत होतो, गिरणी बंद पडल्यावर लिफ्टमन झालो. गाडीचं जे काही येतं ते सौरभनेच शिकवलं. चेन रॉकेलने धुवायची, वाळली की तेल सोडायचं. गाडी उभीच असली तरी चाक थोडं फिरवून ठेवायचं, नाहीतर टायर एकाच जागी बसतो. मेन स्टँडवर चढवताना तिला उचलायचं नाही, स्टँडवर पाय ठेवून सगळा भार त्या पायावर द्यायचा. पहिल्यांदा मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं तेव्हा तो खूप हसला होता.

"बाबा, म्हैस आहे का ती? मिठी कसली मारताय?"

पडवीच्या भिंतीवर त्याने पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या. गाडी साइड स्टँडवर तिरकी असताना मागचं कॅरिअर कुठवर येतं, त्याच्या खुणा. मागचा शॉकअप कमजोर झाला की गाडी खाली बसते, ते रेघेवरून कळतं. वरच्या रेघेपुढे त्याने लिहिलं, 'रिकामी'. मग मला मागच्या सीटवर बसवलं. गाडी दबली तिथं दुसरी रेघ मारली, दोन बोटं खाली. तिच्यापुढे लिहिलं, 'बाबा मागे'.

"बसलात की माझ्या खांद्यावर हात ठेवायचे," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही आहात ते मला कळतं."

मार्चमध्ये दोघांनी गाडीवरून गावी जायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी म्हणालो, कंबर दुखते रे. कंबर दुखत नव्हती. मला भीती वाटली होती. माझ्यासाठी आणलेलं हेल्मेट त्याने परत खिळ्याला अडकवलं आणि एकटाच गेला.

त्या दुपारी मी कॉटवर आडवा झालो. झोपेत गुडघ्यांना वारा लागत होता. जागा झालो तर दोन्ही तळहात सोललेले, जखमेत बारीक खडी. शेजारच्या सुगंधाताई हळद घेऊन आल्या.

"पडलात कुठे, गुणाजीभाऊ?"

"नाही हो. झोपलो होतो."

"मग ही खडी काय गादीत भरलीय?"

त्या सुईच्या टोकाने खडे काढत होत्या. दोन-तीन निघाले असतील. तेवढ्यात फोन वाजला. गाडी कशेडी घाटात घसरली होती.

मी पोचेपर्यंत सौरभ गेला होता. दवाखान्याच्या पायरीवर घाटातला एक चहावाला बसला होता. त्यानेच त्याला उचलून आणलं होतं. मला बघून तो हळूच उभा राहिला.

"काका... तुम्ही चालत कसे आलात?"

"मी मुंबईहून येतोय."

"असं कसं... मागे तुम्हीच होतात ना? दोन्ही हात त्याच्या खांद्यावर होते तुमचे. गाडी घसरली, मी त्याच्याकडे धावलो. वळून बघतो तर तुम्ही नाही."

मी मुठी मिटून घेतल्या.

गाडी घरी आली. एक आरसा फुटला होता, गार्ड वाकला होता, बाकी काही नाही. मी ती साइड स्टँडवर लावली आणि भिंतीकडे बघितलं. कॅरिअर खालच्या रेघेवर होतं. मेकॅनिक आणला. त्याने गाडी दाबून बघितली आणि म्हणाला, "शॉकअप नव्यासारखा आहे, काका." तरी गाडी रोज तिथंच. 'बाबा मागे'. आणि माझी कॉट, जी कुशीवर वळलं की करकरायची, ती त्या दिवसापासून गप्प झाली.

मला एकच गोष्ट खात राहिली. पोर शेवटच्या घडीला एकटं होतं का? चहावाल्यावर विश्वास ठेवावा असं वाटायचं. पण मी तर इथं झोपलो होतो.

आठ महिने असे गेले. काल, शनिवारी, सुगंधाताई त्यांच्या भाच्याला घेऊन आल्या. हर्षद नाव, तिशीतला, चांगला धट्टाकट्टा.

"किती दिवस त्या लोखंडापाशी बसणार, भाऊ? देऊन टाका," असं म्हणून त्या घरी गेल्या.

हर्षद गाडी घेऊन गल्लीतून एक फेरी मारायला गेला. मी फाटकाशी उभा राहिलो. ऊन उतरलं होतं. तो परत आला, माझ्या पुढ्यात थांबला. मान खाली, पाय टेकलेला.

"काका, आधी तुम्ही उतरा, मग स्टँड लावतो."

मग त्याने मान वर केली. मी समोर होतो.

त्याने एक हात सावकाश आपल्या खांद्याकडे नेला, पण मध्येच थांबवला. मागे वळून बघितलं नाही.

"मागे... कोण आहे?"

"तुला काय वाटलं?"

"हात होते. वाटलं तुम्हीच चढलात... मी विचार केला, म्हाताऱ्याला हौस आली असेल."

कशीबशी गाडी पडवीत लावली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि तो गेला. 

म्हणजे माझं पोर एकटं नव्हतं. मी पडवीचं दार लोटलं. रॉकेलचा वास, वंगणाचा वास. खिळ्यावरचं हेल्मेट काढून घातलं आणि मागच्या सीटवर चढलो. भिंतीकडे बघितलं. मी बसलो तरी कॅरिअर त्या रेघेवरून केसभरही हललं नाही. माझं वजन तिथं आधीच होतं.

"सौरभ," मी म्हटलं, "आलो रे."

काही वेळ काहीच झालं नाही. मग गाडी दबली. दोन्ही रेघांच्या खाली गेली, पुढे कुणी बसल्यावर जाते तशी. त्याच्या जॅकेटचा, घामाचा वास आला. मी दोन्ही हात उचलले. ते हवेत, खांद्याच्या उंचीवर... टेकले. 

खट् करून साइड स्टँड वर गेला. तिरकी गाडी सरळ झाली.

आज सकाळी जाग आली तेव्हा मी कॉटवर होतो. डोक्यात हेल्मेट तसंच. कुशीवर वळलो आणि कॉट करकरली. उठून पडवीत गेलो. गाडी जागेवर आहे. कॅरिअर वरच्या रेघेवर. 'रिकामी'.

आज रविवार, गाडी पुसायची आहे. पण कापड हातात धरवत नाही. सुगंधाताई हळदीची वाटी घेऊन समोर बसल्यात, सुईच्या टोकाने एकेक खडा काढतायत. या वेळी त्यांनी काही विचारलेलं नाही.

आत फोन वाजतोय. आम्ही दोघंही उठलेलो नाही.