तिसरं माप

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. ही गोष्ट मात्र मी आज पहिल्यांदाच सांगतेय, तेव्हा जरा जवळ सरका.

खालच्या मजल्यावरची सूनबाई सहा महिन्यांची गरोदर. नवरा कामासाठी परगावी, म्हणून सोनोग्राफीला मी सोबत गेले. न बोलावता गेले, असं ती म्हणेल. पण पहिलं बाळ तिनं पोटातच गमावलेलं; त्याच्या किडन्या वाढायच्याच थांबल्या होत्या. ते असतं तर आज दोन वर्षांचं झालं असतं. अशा पोरीला एकटी कशी सोडायची?

बाहेर भर दुपार, पण त्या खोलीत काळोख. नुसता स्क्रीनचा निळसर उजेड, पोटावर चोपडलेल्या जेलचा ओलसर वास आणि यंत्राची बारीक घरघर.

"काकू, तुम्हीच बघा. मला नाही बघवत," म्हणत तिनं डोळे गच्च मिटले.

डॉक्टर म्हणाले, "हिशेब सोपा आहे, काकू. जितके आठवडे, साधारण तितके मिलिमीटर किडनीची लांबी. चोवीसच्या आसपास आलं की सुटलो."

प्रत्येक माप ते तीनदा घेत.

"चोवीस."

थोड्या वेळानं पुन्हा, "चोवीस."

माझा जीव भांड्यात पडला.

मग तिसरं. स्क्रीनवर ती किडनी मावत नव्हती, आणि खाली आकडा होता... अडुसष्ट.

"हात हलला," ते पुटपुटले. पुन्हा मोजलं. अडुसष्ट. पुन्हा... अडुसष्ट.

त्यांनी यंत्र बंद केलं, परत चालू केलं.

"चोवीस. अगदी छान वाढतंय हो बाळ!"

ती हुंदके देऊन रडली. मी पाठीवरून हात फिरवला, तिला कपडे सावरायला सांगितलं आणि बाहेर आले. पण मी कसली गप्प बसते! दारातच डॉक्टरांना गाठलं.

"अडुसष्टची किडनी कुणाची असते हो?"

"यंत्र गंडलं होतं, काकू."

"ते असू दे. पण असते कुणाची?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षांच्या मुलाची... साधारण."

मागे वळले तर ती उभी. सगळं ऐकलेलं. आता ही कोसळते, म्हणून मी हात पुढे केला. तर तिनं इतक्या हळू विचारलं...

"म्हणजे... तेही वाढतंय ना, काकू?"

मी मानेनंच हो म्हटलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून खाली डोकावले, सवयच ती. तिच्या दोरीवर येणाऱ्या बाळाची नवी, इवली झबली वाळत होती. आणि कडेला दोनेक वर्षांच्या पोराला येईल अशी एक छोटी पँट, निथळत असलेली. हौसेनं आणली असेल बिचारीनं, म्हटलं.

मग जरा वाकून पाहिलं.

दोन्ही गुडघ्यांवर ती घासून घासून विरली होती.